कार्डांचे कर्ज आणि पगाराची पत

क्रेडिट कार्डाच्या मासिक बिलावर रिवॉर्ड पॉइंटांची रंगीत चौकट आणि पैसे भरण्याची शेवटची तारीख यांच्या अधेमध्ये बारीक टाइपात एक ताकीद छापलेली असते. दरमहा नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन्‌महिने, कदाचित वर्षानुवर्षे लांबेल आणि व्याज चढत जाईल, असा तिचा आशय. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या कार्डविषयक निर्देशांनी ही ताकीद बँकांना बंधनकारक केली. ती का लागते हे साध्या आकडेमोडीवरून कळते. समजा डोंबिवलीतल्या एका नोकरदार घरावर तीन कार्डांचे मिळून २ लाख रुपये थकले आहेत. महिन्याला साडेतीन टक्के हा कार्डांवर सर्रास दिसणारा दर धरला तर महिन्याचे व्याज ७,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,२६० रुपये. किमान भरणा पाच टक्के धरा, म्हणजे १०,००० रुपये. त्यातले ८,२६० व्याजात आणि करात गेले, मुद्दल हलले १,७४० रुपयांनी. नवी एकही खरेदी न करता वर्षभर असे इमानेइतबारे ‘मिनिमम’ भरले, तर खिशातून साधारण १ लाख १४ हजार जातात आणि वर्षाअखेर बाकी उरते जवळजवळ १ लाख ८० हजार. घरात कुणी उधळपट्टी केली म्हणून हे घडत नाही. पाच टक्के किमान भरणा आणि चार टक्क्यांहून थोडा जास्त मासिक आकार, एवढ्या दोन आकड्यांतच ते ठरलेले असते.

अशा वेळी सगळी कार्डे एकदम फेडून त्या जागी एकच कर्ज घ्यावे, एकच हप्ता ठेवावा, असे कुणालाही वाटेल, आणि त्यात मुळात काही चूक नाही. कार्डाच्या व्याजावर जीएसटी लागतो, साध्या कर्जाच्या व्याजावर लागत नाही. त्यामुळे नुसते कर्ज कार्डावरून हलवले तरी व्याजावरचा अठरा टक्क्यांचा भुर्दंड वाचतो. अडचण पुढे येते. तीन कार्डांवर ‘मिनिमम’ भरताना दोन-चार महिन्यांत कुठेतरी चुकलेले असते आणि ३०० ते ९०० या मापात मोजला जाणारा सिबिल स्कोअर घसरलेला असतो. मोठी बँक अर्ज पाहताच परत करते. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहककर्जांवरचा जोखीमभार १०० वरून १२५ टक्क्यांवर नेला, तेव्हापासून या बाबतीत बँकांचा हात आणखी आखडला. मग उरतात लोकलच्या डब्यात आणि स्टेशनबाहेरच्या खांबांवर चिकटवलेली ‘सिबिल खराब? तरीही कर्ज’ अशी पत्रके, आणि मोबाइलवरची ॲपे.

तिथे कर्ज मिळते, पण कोणत्या भावाने? समजा दर ३० टक्के आणि मुदत चार वर्षे. २ लाखांवर हप्ता बसतो सुमारे ७,२०० रुपये. कार्डांच्या १०,००० पुढे तो हलका वाटतो, आणि विकणारा तेवढाच आकडा दाखवतो. चार वर्षांत एकूण भरले जातात साधारण ३ लाख ४६ हजार. आता दुसरा हिशेब करून पाहा. कोणतेही नवे कर्ज न घेता त्याच कार्डांवर दरमहा घट्ट १२,००० रुपये भरले तर २९ महिन्यांत सगळे फिटते आणि एकूण भरणा होतो पुन्हा साधारण तेवढाच, ३ लाख ४६ हजार. दर कितीतरी कमी असूनही एकूण पैसा सारखाच, कारण दराने जे वाचवले ते मुदतीने खाल्ले. शिवाय प्रक्रिया शुल्क समजा चार टक्के आणि त्यावर जीएसटी धरून ९,४४० रुपये आधीच कापून हातात १ लाख ९०,५६० पडतात. तिसरे कार्ड पूर्ण मिटत नाही, ते थोडे उघडे राहतेच.

जुन्या कर्जावर नवा कागद करण्याची ही रीत महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिली आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. व्याज वर्षानुवर्षे साचू नये, हा हेतू. घडले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार कुणब्याकडून नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल होऊन बसू लागले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ देणे किती ते तपासण्याची आणि हप्ते बांधून देण्याची मुभा दिली. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, हा दामदुपटीचा जुना नियम तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यातही आहे. पण कार्डधारकाला यातले काही लागू पडत नाही. बँका त्या कायद्याबाहेर आहेत, आणि बँकिंग नियमन कायद्याचे कलम २१ए सांगते की दर जास्त आहे एवढ्या कारणावरून न्यायालयाने बँकेचा हिशेब उकरू नये. कार्डाचा दर वर्षाला ३० टक्क्यांच्या वर नेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तेव्हा दर कुणी कायद्याने खाली आणील या आशेवर बसण्यात अर्थ नाही.

म्हणूनच खराब सिबिल असलेल्याने ‘मला कर्ज कोण देईल’ यापेक्षा ‘माझी पत सिबिलखेरीज आणखी कशावर मोजली जाऊ शकते’ हे आधी पाहावे, असे माझे म्हणणे आहे. स्कोअर ही विनातारण कर्जाची फूटपट्टी आहे. ज्याच्याकडे दुसरे काही दाखवायला नाही, त्याला तीच लागते. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या पुष्कळ घरांकडे दाखवायला दुसरे काही असते, आणि अगतिकतेच्या घाईत तेच विसरले जाते. अर्थात, स्कोअर खरोखरच तेवढा खराब आहे का, हे पहिल्यांदा तपासावे. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही क्रेडिट ब्युरो कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. कधीही न वापरलेल्या कार्डाची वार्षिक फी थकीत दाखवलेली असते, फेडलेले कर्ज उघडे दिसते. तक्रार केल्यावर ३० दिवसांत निवारण झाले नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. काहींना वाटते की अलीकडे सरकारने सिबिलची अट काढली. सरकारने म्हटले आहे ते एवढेच, की पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये. इतिहास नसणे वेगळे आणि वाईट असणे वेगळे.

दाखवण्याजोगी पहिली गोष्ट म्हणजे पगार, आणि पगारावर उभी असलेली पगारदार नोकरांची पतपेढी. हा पट्टा सहकाराला अनोळखी नाही. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० ची, ठाणे जनता म्हणजे आजची टीजेएसबी १९७२ ची, कल्याण जनता १९७३ ची. पण या बँका आता शेड्युल्ड आहेत आणि कर्जाच्या अर्जाबरोबर सिबिल पाहतात. पतपेढीची गोष्ट निराळी. महापालिका, एसटी, बेस्ट, मंत्रालय, शाळा, मोठे कारखाने यांतल्या कर्मचाऱ्यांच्या पतपेढ्या सभासदाच्या पगारपत्रकावर कर्ज देतात, कारण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम ४९ त्यांच्या पाठीशी असते. सभासदाने एकदा करार लिहून दिला की मालकाने पगारातून हप्ता कापून संस्थेला द्यायचा, आणि कापायचा राहिला तर जबाबदारी मालकावर येते. पगार खात्यात पडण्याआधीच हप्ता गेलेला असतो. ज्या कर्जाचा हप्ता कर्जदाराच्या हातूनच जात नाही, त्याला स्कोअरने भविष्य वर्तवण्याची गरज कमी उरते. म्हणून मागच्या दोन वर्षांत तुमचे किती हप्ते चुकले यापेक्षा कपातीनंतर हातात किती पगार उरतो, हे पतपेढीच्या लेखी महत्त्वाचे. ऑगस्ट २०२५ मध्ये बेस्ट पतपेढीच्या २१ जागांची निवडणूक राज्यभर गाजली. राजकारण बाजूला ठेवले तरी, कर्मचाऱ्यांच्या एका पतसंस्थेसाठी एवढी चुरस होते यावरून नोकरदारांच्या आयुष्यात तिचे वजन काय ते दिसते. तिथला दर समजा १२ टक्के असेल, तर २ लाखांवर तीन वर्षांचा हप्ता ६,६४३ रुपये आणि एकूण व्याज सुमारे ३९ हजार. कार्डांवर जे १०,००० आधीच जात होते तेवढेच भरत राहिले, आणि संस्थेने मुदतीआधी फेडू दिले, तर हे कर्ज तेवीस महिन्यांत संपते.

यावर पहिला आक्षेप येतो तो पतपेढ्यांच्या भरवशाचा. बुडालेल्या सहकारी संस्था लोकांनी पाहिल्या आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हाच्या रांगा कुणी विसरलेले नाही. पण तो धोका ठेवीदाराचा. संस्था अडचणीत आली तर कर्ज घेणाऱ्याचे जे अडकते ते त्याने घेतलेले शेअर आणि सक्तीची ठेव असेल ती. या दोन रकमा आणि त्यांमुळे वाढणारा खरा दर अर्ज करतानाच विचारून घ्यावा. उलट धोका अधिक खरा आहे: पतपेढी मऊ नसते. हप्ते थकले की कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवून जप्तीपर्यंत जाता येते, आणि हा मार्ग दिवाणी दाव्यापेक्षा लवकर आटोपतो.

दुसरा आक्षेप जामीनदारांचा, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. पतपेढीच्या अर्जावर कर्जदाराच्या सहीखाली बहुधा दोन सभासदांच्या सह्या लागतात, त्यांच्या पगारपत्रकांच्या प्रतींसह. हे दोघे शेजारच्या टेबलावर बसणारे, त्याच सकाळच्या फास्टला लोंबकळणारे. कर्जदाराने नोकरी सोडली तर कपात थांबते आणि संस्था त्यांच्या पगाराकडे वळते. बँकेचे विनातारण कर्ज फक्त कर्जदाराला बुडवते, हे मित्रांनाही ओढते. म्हणून ज्याची नोकरी डळमळीत आहे किंवा जो सहा महिन्यांत दुसरीकडे जाणार आहे, त्याने सह्या मागू नयेत, आणि मागितल्याच तर तीन कार्डांचा खरा आकडा त्या दोघांना आधी सांगावा. तो लपवून मिळवलेली सही ही फसवणूकच. तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून नव्हे, मर्यादा म्हणून सांगायला हवी. तुमची पतपेढी ब्युरोला माहिती कळवत नसेल, तर तिचे हप्ते वेळेवर गेल्याने स्कोअर सुधारणार नाही. सुधारेल तो कार्डांची थकबाकी शून्य झाल्याने.

पण घोडबंदर रोडवर किंवा पलावात राहणाऱ्या, खासगी कंपनीत दोन-दोन वर्षांनी नोकरी बदलणाऱ्या, कंत्राटावर असणाऱ्या किंवा डिलिव्हरीच्या गाडीवर पोट भरणाऱ्या माणसाला पतपेढी कुठून असणार? बरोबर आहे, या पट्ट्यात आता अशांचीच संख्या वाढती आहे. त्यांच्यासाठी दुसरी पत म्हणजे तारण: मुदत ठेव, आयुर्विम्याची सरेंडर किंमत आलेली पॉलिसी, आणि बहुतेक घरांत सोने. ठेव असेल तर ती मोडणेच बरे. सात टक्के मिळवणारी ठेव शाबूत ठेवून बेचाळीस टक्क्यांचे व्याज भरण्यात कसली बचत? सोन्याच्या कर्जाला काउंटरवर लागतो तो कसोटीचा दगड आणि वजनकाटा. मूल्यांकन करणारा मंगळसूत्राच्या वाट्या कसाला लावतो, खडे आणि लाख यांचे वजन वजा करतो, आणि उरलेल्या निव्वळ सोन्यावर रक्कम ठरते. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांनी अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची मुभा दिली, आणि या रकमेपर्यंत उत्पन्नाची तपशीलवार छाननीही सक्तीची ठेवली नाही. म्हणजे २ लाखांसाठी साधारण २ लाख ३५ हजारांचे सोने पुरते. संस्थांना हे नियम पाळायला १ एप्रिल २०२६ पर्यंत मुदत होती. कर्ज फिटल्यावर दागिने सात कामाच्या दिवसांत परत मिळाले नाहीत तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हेही त्यांतच आहे.

बायकोचे सोने नवऱ्याच्या कार्डासाठी का ठेवायचे, असा सवाल कुणी केला तर त्याचे उत्तर आकड्यांत नाही. ते स्त्रीधन आहे, त्याचा निर्णय तिचा, आणि कार्डाचे बिल तिने पाहिलेले असल्याशिवाय तो निर्णय खरा होत नाही. मात्र व्यवहाराच्या बाजूने एक सांगता येते. सोनेतारणात धोका दरात फारसा नसतो, फेडीच्या रीतीत असतो. वर्षाअखेर मुद्दल आणि व्याज एकरकमी भरायचे, असा प्रकार सोपा म्हणून गळी उतरवला जातो. अकरा महिने काहीच जात नाही, बाराव्या महिन्यात रक्कम जमत नाही, मग व्याज भरून तेच तारण पुन्हा लिहायचे. सुप्याचा रोखा वेगळा काय होता? सोन्यावर घ्यायचे तर मासिक हप्त्याचेच कर्ज घ्यावे, आणि हप्ता झेपत नसेल तर सोने विकून मोकळे होण्याचाही विचार करावा. आपल्याकडे हे बोलणे अभद्र वाटते, तरी लिलावात जाण्यापेक्षा आपण होऊन विकलेल्या सोन्याला भाव चांगला येतो.

ज्यांच्याकडे ना पतपेढी ना तारण, त्यांच्यासाठी उरते ती कार्ड देणारी बँकच. थकबाकी हप्त्यांत बदलून द्या, असे तिला लेखी विचारावे आणि ते हप्ता चुकण्याआधी विचारावे. बँकेकडे कर्जदार अजून ‘चांगला’ असतो तेव्हा दर कमी लावला जातो. या हप्त्यांतल्या व्याजावर जीएसटी मात्र सुटत नाही. त्यानंतरची पायरी तडजोडीची. आपल्याला दोन लाखांचे एक लाखात मिटवून देतो, तोवर भरणे बंद ठेवा, असे सांगणारे मध्यस्थ हल्ली बरेच झाले आहेत. त्यांना या कामाचा रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो, आणि ते जे करतात ते बँकेशी थेट बोलूनही होते. तडजोड झाली की अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो. जून २०२३ च्या चौकटीनुसार त्या बँकेला अशा कर्जदाराला निदान बारा महिने नवे कर्ज देता येत नाही, आणि ब्युरो नोंदी किमान सात वर्षे जपून ठेवतात. नोकरी गेलेल्या, आजारपणाने खचलेल्या माणसाला हा मार्ग योग्यच आहे. पगार चालू असणाऱ्याने तो पहिला निवडू नये. परदेशासारखी व्यक्तीची दिवाळखोरी आपल्याकडे वाट म्हणून जवळपास नाहीच. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींचा भाग कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांपुरताच लागू झाला आहे. दुसरीकडे, नुसते कार्ड थकले म्हणून कुणाला तुरुंग होत नाही. वसुलीच्या फोनवर काहीही सांगितले जात असले तरी ते दिवाणी देणे आहे. चेक किंवा बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला तर मात्र फौजदारी तक्रार होऊ शकते. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला मनाई आहे, आणि तसे फोन आले तर आधी बँकेकडे, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत जुना: कर्ज एकत्र केले की कार्डे रिकामी होतात आणि वर्षभरात पुन्हा भरतात, मग हप्ताही आणि कार्डही. हे खरे आहे, आणि त्यावर उपदेशाने काही होत नाही. कार्ड फिरवण्याच्या सवयीला, म्हणजे ओळखीच्या दुकानात स्वाइप करून दोन-तीन टक्के कापून रोकड घेण्याला किंवा भाडे भरल्याचे दाखवून पैसा काढण्याला, संधी मिळाली की ती चालू होतेच. भाड्याचा रस्ता सप्टेंबर २०२५ मधल्या पेमेंट ॲग्रिगेटरांच्या नव्या नियमांनंतर बऱ्याच ॲपांनी बंद केला. दुकानाचा अजून उघडा आहे. म्हणून नवे कर्ज मंजूर करून घेताना रक्कम आपल्या बचत खात्यात न मागता थेट कार्ड कंपन्यांच्या नावे डिमांड ड्राफ्टने मागावी, म्हणजे ती वाटेत दुसऱ्या खर्चात विरत नाही. कार्डे बंद केली तर जुना इतिहास संपून स्कोअर आणखी पडेल, असे काही सल्लागार सांगतात. ज्याचा स्कोअर आधीच पडला आहे त्याने त्या पाच-दहा गुणांची चिंता करू नये. फार तर सर्वांत जुने एक कार्ड मर्यादा वीस-पंचवीस हजारांवर उतरवून ठेवावे. बाकीच्यांसाठी बँकेच्या ॲपवरून किंवा ईमेलने बंद करण्याची विनंती पाठवावी. ती पोस्टानेच पाठवा, असा हट्ट बँकेला धरता येत नाही. थकबाकी शून्य असेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवे, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे आहेत. कार्ड बंद झाल्याचा मेल आणि थकबाकी नसल्याचे पत्र जपून ठेवावे, आणि दोन महिन्यांनी फुकट अहवाल काढून त्या खात्यासमोर ‘क्लोज्ड’ लिहिले आहे की नाही ते पाहावे.